कठडा एकच की दोन?

खाडीवरच्या पुलाला कठडा ठरवताना शेवटी घोळ दोन पर्यायांतच होतो. एक, कडेला बुटकी काँक्रीटची भिंत आणि तिच्यावर स्टीलचे दोन आडवे पाइप. गाडीही त्यानेच अडवायची, शोभाही त्याचीच. दुसरा, रस्त्यालगत सलग काँक्रीटचा क्रॅश बॅरिअर, म्हणजे गाडी अडवणारी भिंत, मग फूटपाथ आणि अगदी कडेला माणसांपुरतं हलकं रेलिंग.

दिसायला पहिला सरस, वादच नाही. क्रॅश बॅरिअर निदान ९०० मिमी उंच लागतो. छोट्या गाडीत बसलेल्याला त्यावरून पलीकडचे माड दिसतात, पुलाखालची होडी नाही. पाइपांच्या फटीतून पाणी दिसतं. कोकणातल्या एका पुलाला मी हौसेने तोच घेतला.

दोन पावसाळ्यांनी पाहायला गेलो, तर पाइप धरणाऱ्या प्रत्येक खांबाच्या बेसप्लेटखालून, म्हणजे तळच्या पत्र्याखालून, भिंतीवर गंजाचे ओघळ, पानाच्या पिचकाऱ्या माराव्यात तसे. तेही चालवून घेतलं असतं. पण मधल्या काळात कुठल्याशा ट्रकने एक खांब वाकवला होता आणि गावातल्या वेल्डरने मिळाला तो पाइप जोडून वर चंदेरी रंग फासला होता. काम सुबक, त्याला काय बोलणार! पण दीड टनाची गाडी ताशी ११० किमी वेगाने, २० अंशांच्या कोनात आदळली तरी थोपवायची, या हिशोबाचा कठडा तो. त्या जोडाची हमी मला देता येईना.

पुढच्या पुलाला दुसरा पर्याय घेतला. फूटपाथपायी दर बाजूला निदान दीड मीटर डेक, म्हणजे पुलाचा वरचा स्लॅब, वाढतो, म्हणजे खर्च वाढतो, आणि गाडीतून होडी दिसत नाही ती नाहीच. पण नक्षीला मोकळीक मिळते. बॅरिअरचा रस्त्याकडचा चेहरा मात्र गुळगुळीतच हवा. उठावाचं काम केलं की बंपर अडकतो. हौस कडेच्या ११०० मिमीच्या रेलिंगवर भागवावी. गज उभेच घ्या, आडव्यांवर पोरं चढतात. आणि एखादा गज गंजलाच, तर तो वेल्डरने खुशाल बदलावा.

समुद्रापासून लांब, देखभालीला कोणी वाली असेल तर पहिला पर्याय वाईट नाही. घाटावर मीही कदाचित तोच घेईन. खाडीवर नको वाटतो. परवा त्या दुसऱ्या पुलावरून गेलो, तर रेलिंगला टेकून चौघं गरी टाकून उभे होते. गाडी पुढे लावून मीही चालत मागे आलो.