मुक्काम सहा महिन्यांचा, मोसमही सहा महिन्यांचा

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं लेकीकडे नॉर्थ कॅरोलायनात, मॉरिसव्हिलला उतरलो आणि सप्टेंबरअखेर कोल्हापूरला परतलो. मुलांकडे गेलेल्या आईवडिलांचे सहा महिने तिकडे कसे जातात हे ज्यांनी काढलेत त्यांना सांगायला नको. सकाळी कॉलनीत फेऱ्या, दुपारी मराठी मालिका, संध्याकाळी खिडकीतून जावयाच्या गाडीची वाट. २०२५ च्या या खेपेला मी ठरवून एक नाद लावून घेतला, मायनर लीग बेसबॉलचा. पूर्ण मोसम वापरून झालाय. कोणाचे आईवडील पुढच्या उन्हाळ्यात निघाले असतील तर त्यांच्या कामी येईल म्हणून लिहितोय.

आधी हे प्रकरण काय ते थोडक्यात. अमेरिकेत वरच्या दर्जाचे, म्हणजे मेजर लीगचे संघ ३०. प्रत्येकाच्या हाताखाली चार पायऱ्यांवर चार संघ: सिंगल ए, हाय ए, डबल ए आणि सगळ्यात वर ट्रिपल ए. असे १२० संघ गावोगाव विखुरलेले. पूर्वी १६० होते. २०२० चा मोसम कोरोनामुळे झालाच नाही आणि पुढच्या वर्षी नवी रचना करताना चाळीसएक गावांचा संघ गेला. आमच्या घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर डरम शहर. तिथला डरम बुल्स हा ट्रिपल ए संघ, १९९८ पासून टॅम्पा बे रेज या मेजर लीग संघाच्या हाताखालचा. वरून बोलावणं आलं की खेळाडू तिथून थेट मेजर लीगमध्ये.

पहिल्या दिवशी मला खेळ कळला नाही, बैल मात्र कळला. मैदानाच्या डाव्या बाजूला उंच निळी भिंत आहे आणि तिच्या वर एक भलामोठा बैलाचा फलक. होमरन झाली, म्हणजे क्रिकेटच्या षटकारासारखा चेंडू थेट बाहेर गेला, की बैलाचे डोळे लाल होतात, नाकातून धूर निघतो, शेपूट हलते. बैलाला चेंडू लागला तर मारणाऱ्याला स्टेक, पायाखालच्या गवताला लागला तर सॅलड, असं त्याच्यावरच लिहिलेलं. बेंदराला बैल रंगवणाऱ्या गावाचा मी. बैलाला मारलं की त्याचंच मांस बक्षीस, हे काही मला झेपेना. नातू म्हणाला, "आजोबा, इट्स अ जोक." बरं बाबा.

खेळ कळायला लागला तो स्कोअरबुकामुळे. नवख्याला माझा पहिला सल्ला हाच: मोबाइल खिशात ठेवा, एक स्कोअरबुक आणि खोडरबर लावलेली पेन्सिल घ्या. मैदानावरच्या नऊ जागांना नऊ आकडे असतात. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा १, कॅचर म्हणजे बॅटरच्या मागे बसून तो झेलणारा २, असं करत शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला ६. बेस म्हणजे धावताना गाठायचे थांबे. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून सेकंड बेसवाल्याला दिला, त्याने फर्स्ट बेसवाल्याला, दोघे आउट, की लिहायचं ६-४-३. बॅटरचा चुकलेला किंवा सोडलेला योग्य चेंडू म्हणजे स्ट्राइक, तीन झाले की आउट. तिसऱ्याला बॅट फिरवून चुकला तर के हे अक्षर, बॅट न फिरवता नुसता बघत राहिला तर तेच अक्षर उलटं.

मी सहकारी बँकेत चौतीस वर्षं काढली. कीर्द-खतावणीचा माणूस. त्यामुळे या खेळाचा ताळा जमतो हे समजल्यावर मी गारच पडलो. प्लेटवर, म्हणजे बॅटिंगच्या जागी, जितके बॅटर आले, ते एकतर आउट झाले, एकतर धाव काढून घरी आले, नाहीतर इनिंग संपताना बेसवर अडकून राहिले. तिन्हींची बेरीज आलेल्यांच्या संख्येइतकी आलीच पाहिजे. नाही आली तर चूक तुमची. जूनमध्ये एका सामन्यात मला एकाचा फरक येत होता. गाडीत बसूनही मी तेच शोधत होतो आणि ही वैतागून म्हणाली, "रिटायर झालात ना तुम्ही?" चौथ्या इनिंगमधला एक वॉक, म्हणजे चार बाहेरच्या चेंडूंवर बॅटरला फुकट मिळालेला पहिला बेस, लिहायचा राहिला होता.

सामने मंगळवार ते रविवार, एकाच पाहुण्या संघाशी सलग सहा. सोमवारी सुट्टी. ही पद्धत मला फार आवडली, कारण बुधवारपर्यंत पाहुण्यांचीही नावं तोंडात बसतात. दोन चेंडूंमध्ये रेंगाळायला मुभा नाही, घड्याळ लावलेलं. ते आधी इथे खालच्या लीगमध्येच तपासून पाहिलं आणि मग २०२३ मध्ये वर नेलं. ट्रिपल एमध्ये आणखी एक गंमत बघायला मिळाली. अंपायरने स्ट्राइक दिला आणि बॅटरला पटला नाही तर तो हेल्मेटवर टपली मारतो, की फळ्यावर यंत्राचा निकाल दिसतो. पिचर आणि कॅचरलाही तो हक्क, बाकी कोणालाही नाही, प्रशिक्षकालाही नाही. २०२६ पासून हे मेजर लीगमध्येही येतंय. आम्ही आधीच बघून बसलोय, एवढी ऐट आता मला मारता येईल.

आता खटकलेलं. सामने घरी बघायला एका ॲपची वर्गणी भरली होती. ॲपचं नाव लिहीत नाही. ऐन नवव्या इनिंगमध्ये गोल गोल फिरत बसायची त्याला खोड. दोनदा तक्रार केली, दोनदा आभाराचा मेल आला. शेवटी मी रेडिओच्या थेट समालोचनावर आलो आणि तेच बरं वाटलं. मायनर लीगचा समालोचक बहुतेक वेळा एकटाच असतो, त्याला बोलायला वेळ भरपूर आणि ऐकणारे मोजके. त्यामुळे तो मधेच एखाद्या खेळाडूच्या गावाबद्दल, जुन्या कोणाबद्दल सांगत बसतो. इंग्रजी साधं, कान सरावतो. जुलै-ऑगस्टमधला दमट उकाडा आणि पाचच्या सुमाराला दाटून येणारी वीज-पावसाची सर यांचा दोष कोणाला द्यायचा? छत्रीपेक्षा रेनकोट न्या.

खरी कुरकुर वेगळी आहे. इथे जिंकण्याची फारशी कोणाला पडलेली नसते. आमच्याकडे कोल्हापुरात पेठांच्या तालमींचा फुटबॉल बघितलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. तालमीचा पोरगा तालमीचाच, तो हरला तर पेठ रात्रभर जेवत नाही. डरमचा पोरगा मात्र टॅम्पाच्या मालकीचा. पिचर रंगात आलेला असताना त्याला पाचव्या इनिंगला काढतात, कारण वरून चेंडूंची संख्या ठरलेली. कार्सन विल्यम्स नावाचा शॉर्टस्टॉप मी एप्रिलपासून धरून ठेवला होता. बॅट हवेत फार फिरवायचा, पण चेंडू उचलायचा तो बघत राहावं असा. ऑगस्टमध्ये एके दिवशी संघाच्या यादीत त्याचं नाव नाही. वर गेला. आनंद झाला, आणि लेक सासरी गेल्यावर घर कसं वाटतं तसंही झालं. त्यात यंदाचा विनोद असा की २०२४ च्या ऑक्टोबरमधल्या मिल्टन वादळाने रेजच्या घरच्या मैदानाचं छप्पर फाटलं होतं, त्यामुळे तो अख्खा संघच टॅम्पातल्या एका छोट्या मैदानावर खेळत होता, जिथे एरवी खालच्या पायरीवरचा संघ खेळतो. बढती मिळाली, पण कचेरी डरमएवढीच.

वर न गेलेल्यांचं काय, हा प्रश्न मला तिथून लागला. सामन्यामागून सामना तीच दोन-तीन नावं दिसतात, तिशी ओलांडलेली, कधीतरी चार दिवस वर जाऊन आलेली. ट्रिपल एमध्ये वर्षाला किमान ३५,८०० डॉलर ठरले, तेही २०२३ च्या करारात. त्याआधी १७,५०० होते. त्यात तिकडे घर चालत नाही. मग हे कशावर खेळतात? मी जुन्यांची नोंद शोधायला लागलो आणि इथेच या नादाने मला पुरतं गिळलं. बेसबॉल रेफरन्स या संकेतस्थळावर मायनर लीगमध्ये एखादा मोसम खेळलेल्या माणसाचेही आकडे सापडतात. आणि सेबर नावाची संस्था आहे, १९७१ पासूनची. तिचे सभासद हौसेने विस्मृतीतल्या खेळाडूंची चरित्रं लिहून फुकट वाचायला ठेवतात. रात्री जेवणं झाली की मी लॅपटॉप घेऊन बसायचो.

डरममध्ये ८ नंबरची जर्सी कोणाला देत नाहीत. तो १९८८ च्या 'बुल डरम' या चित्रपटातल्या क्रॅश डेव्हिसचा नंबर, म्हणजे कल्पित माणसाचा. पण क्रॅश डेव्हिस नावाचा खेळाडू खरंच होता. दिग्दर्शकाला ते नाव जुन्या आकड्यांच्या पुस्तकात सापडलं होतं. लॉरेन्स डेव्हिस, जन्म १९१९. फिलाडेल्फियाकडून १९४० ते ४२ मेजर लीग खेळला, मग युद्धात नौदल, परत आल्यावर वरचं दार बंद. १९४८ मध्ये डरमकडून त्याने ५० डबल्स, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके, मारले, कॅरोलायना लीगमध्ये सगळ्यात जास्त.

१९४८ वाचलं आणि मी लॅपटॉप बाजूला ठेवला. भाऊसाहेब निंबाळकर! तेही १९१९ चेच, आमच्या कोल्हापूरचे. डिसेंबर १९४८, पुण्याच्या पूना क्लबवर महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ ला नऊ धावा कमी असताना जेवणाची सुट्टी झाली आणि काठियावाडच्या कप्तानाने सामनाच सोडून दिला. भाऊसाहेब एकही कसोटी खेळले नाहीत. माझे वडील ही गोष्ट सांगताना दर वेळी त्या कप्तानाला शिवी घालायचे आणि दर वेळी ती नवीन असायची. नातवाला सांगितलं तर त्याने विचारलं, "त्यांचे मॅचवाइज स्टॅट्स कुठे बघायचे?" मी फोनवर रणजीच्या धावफलकाचं पान काढून दिलं, पण माणूस कसा होता, कसा खेळायचा, हे वाचायला काय द्यायचं? मला जमेल तसं मीच सांगितलं. मार्चमध्ये आम्ही निघायच्या तयारीत असतानाच मुंबईचे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर गेले होते. ५८९ बळी, भारतीय संघातल्या जागेवर बेदी, म्हणून कसोटी शून्य. त्यांचंही सांगितलं.

त्यानंतर मी अशीच माणसं गोळा करत गेलो. सगळ्यांत जीव अडकला तो स्टीव्ह डालकोव्स्कीत. डावखुरा पिचर, मेजर लीगच्या बॉल्टिमोर ओरिओल्सच्या हाताखालच्या संघांतला. त्याला पाहिलेले लोक शपथेवर सांगायचे की याच्याइतका वेगवान कोणी झाला नाही. पण चेंडू कुठे जाईल ते त्याला स्वतःलाही ठाऊक नसायचं. १९६० मध्ये स्टॉकटनला १७० इनिंगमध्ये २६२ स्ट्राइकआउट आणि २६२ वॉक. जमा २६२, नावे २६२, शिल्लक काही नाही. असा ताळेबंद मी आयुष्यात पाहिला नाही. १९६३ च्या वसंतात वरच्या संघात जागा मिळायच्या बेतात असताना कोपर गेलं. पुढे दारू, कॅलिफोर्नियात शेतमजुरी, आठवण पुसट. २०२० मध्ये कोरोनाने गेला.

डरमपासून तासाभरावर रॉकी माउंट आहे. बक लेनर्ड तिथला. काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगमधला थोर फर्स्ट बेसमन. त्याच्या उमेदीच्या वर्षांत मेजर लीगची दारं काळ्यांना बंद होती. १९५२ मध्ये बोलावणं आलं तेव्हा चाळिशी कधीच ओलांडली होती. तो नाही म्हणाला, आता वय झालं म्हणाला. १९७२ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. त्या लीगचे आकडे मेजर लीगच्या हिशेबात धरले गेले ते २०२४ मध्ये, आणि त्याच्याच संघातला जॉश गिब्सन बॅटिंगच्या .३७२ सरासरीने सगळ्यांच्या वर जाऊन बसला. खाती उशिरा जुळली म्हणा, पण जुळवली. १९६३ मध्ये जो मॉर्गन हा एकोणीस वर्षांचा काळा पोरगा डरममध्ये खेळत होता, तेही दिवस सोपे नव्हते. तो पुढे सिनसिनाटीचा केवढा मोठा खेळाडू झाला. त्याचा १८ नंबरही डरमने राखून ठेवलाय, आणि हा खऱ्या माणसाचा.

पावसाने अडकलेल्या एका संध्याकाळी छपराखाली उभं राहून नातवाने मला पॉटकेट गावातल्या एका लांबलेल्या सामन्याची गोष्ट वाचून दाखवली. एरवी खेळ नऊ इनिंगचा. एप्रिल १९८१, पहाटे चारपर्यंत ३२ इनिंग, प्रेक्षक उरले १९. बाकीचा खेळ जूनमध्ये. दोन्ही बाजूंना पुढे मोठी झालेली माणसं होती, वेड बॉग्ज आणि कॅल रिपकन. ३३ व्या इनिंगमध्ये जिंकून देणारा फटका मारला डेव्ह कोझाने. तो मेजर लीगमध्ये कधीच खेळला नाही.

आपल्याकडचे कोणी? रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशातले भालाफेकीचे पोरगे. २००८ मधल्या एका स्पर्धेतून पिट्सबर्गच्या मेजर लीग संघाने दोघांना करारावर घेतलं. दिनेश लवकर परतला, रिंकू २०११ पर्यंत सिंगल एपर्यंत चढला आणि नंतर तिकडच्याच टीव्हीवरच्या कुस्तीत गेला. कोल्हापूरच्या खासबाग आखाड्यात बसलेल्या माणसाने त्याला कुस्ती म्हणायची का, हा प्रश्न वेगळा.

गुण द्यायचे तर दहापैकी आठ. एक ॲपने घालवला, एक खेळाडू अर्ध्यात उचलून नेण्याने. मेजर लीगच्या मानाने तिकीट स्वस्त आणि जागा इतकी जवळ की कॅचरच्या हातमोज्यात चेंडू बसल्याचा आवाज येतो. हॉट डॉग माझ्या कोल्हापुरी जिभेला मिळमिळीत. तिसऱ्या खेपेपासून हिने चटणीची पुडी पर्समध्ये ठेवायला सुरुवात केली.

आणि ट्रिपल एच बघायला हवं असं नाही. मला अधिक आवडलं ते झेब्युलनचं मैदान, कॅरोलायना मडकॅट्सचं, सिंगल एचं. तिथली पोरं अठरा-एकोणीसची, सोपे चेंडू सोडतात आणि अशक्य चेंडू पकडतात. स्कोअरबुकात इतकी खाडाखोड मी कुठे केली नाही. पण यंदाचा त्यांचा तिथला शेवटचा मोसम होता. २०२६ पासून संघ विल्सनला, वॉरबर्ड्स या नावाने. विल्सन लेकीच्या घरापासून तासाभराच्या पुढे आहे. जावईबापूंना हे मी अजून सांगितलेलं नाही.