वेंगुर्ल्याजवळचा होमस्टे आणि मागच्या वडावरची वटवाघळं

चार स्टार देतेय. पाचवा कापलाय तो गिझर आणि पार्किंगसाठी, वटवाघळांसाठी नाही, हे आधीच सांगते, कारण इथले जुने रिव्ह्यू वाचले तर निम्मी जनता त्या मागच्या वडावरच घसरलीय. एकाने लिहिलंय लहान मुलांना नेऊ नका कोरोना होईल, दुसऱ्याने तर मालकांना झाडच तोडून टाकायचा सल्ला दिलाय. म्हणून जरा सविस्तर लिहितेय, वेळ असेल तर वाचा.

आधी राहण्याचं. चिऱ्याचं कौलारू घर आहे, मागे आंबा-काजूची बाग, समुद्र गाडीने दहा-बारा मिनिटांवर. खोल्या साध्या पण स्वच्छ. गिझर सकाळी दोन बादल्यांनंतर हात वर करतो आणि गाडी उतारावर लावावी लागते, पावसाळ्यात काय करत असतील देव जाणे. जेवण मात्र एक नंबर. घावणे, काळ्या वाटाण्याचं सांबार, दुपारी बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी. काकी आग्रह करून करून वाढतात. सासूबाईंनी आल्याआल्या वड बघून "हे काय हो, वटवाघळं?" म्हणून नाक मुरडलं तर घरमालक काका शांतपणे म्हणाले, "ती झाडार रवतत, तुमच्या खोलीत कित्याक येतली?" विषय संपला.

आता मुख्य गोष्ट, रात्रीचा वॉक. माणशी तीनशे रुपये वेगळे घेतात आणि ते पूर्ण वसूल आहेत. काकांची मुलगी नेते, झूलॉजीत एमएस्सी केलंय तिने, सगळे तिला ताईच म्हणतात. अंधार पडायच्या सुमारास वडाखाली उभं करते आणि ती मोठी फळं खाणारी वटवाघळं एकेक करून निघतात, पंख पसरले की चार फूट सहज, आमच्या लेकाचा आ वासलेला तसाच राहिला. तिथेच एका बाईंनी तो ठरलेला प्रश्न विचारला, कोरोना यांच्यापासूनच आला ना? बहुतेक ताईला रोजच विचारत असतील पण कंटाळा न करता तिने सांगितलं.

की कोरोनाच्या विषाणूचे सगळ्यात जवळचे नातेवाईक सापडले ते या जातीत नाहीच. ते सापडले घोड्याच्या नालेसारखं नाक असलेल्या छोट्या, किडे खाणाऱ्या, गुहेत राहणाऱ्या वटवाघळांत. एक नमुना चीनच्या युनान प्रांतातल्या एका जुन्या खाणीतून २०१३ मध्ये घेतलेला, तो ९६ टक्क्यांच्या आसपास जुळतो, आणि नंतर लाओसमध्ये त्याहून थोडा जास्त जुळणारा मिळाला. मला वाटलं ९६ म्हणजे झालंच की, पकडला चोर. तर नाही. उरलेल्या चार टक्क्यांत काही दशकांचं अंतर असतं म्हणे, म्हणजे पूर्वज एक पण घरं कधीच वेगळी झालेली. मधली कडी कोणती ते अजून हातात नाही.

मग पुढे बागेच्या गडग्यावर तिने टॉर्च मारला तर कांडेचोराची (रात्री फिरणारा, मांजरासारखा दिसणारा प्राणी) विष्ठा, त्यात भेरली माडाच्या बिया. यावरून गाडी सार्सवर, म्हणजे कोरोनाच्याच घराण्यातल्या आधीच्या साथीवर गेली. २००२ च्या शेवटी दक्षिण चीनमध्ये सार्स आला, २००३ मध्ये तिथल्या बाजारातल्या कांडेचोराच्या चुलत भावांत (आपल्याकडचा नव्हे, वेगळी जात) तोच विषाणू मिळाला आणि मग सरकारने हजारोंनी मारले बिचारे. आणि नंतर कळलं की ते नुसते मधले दलाल, मूळ घर वटवाघळांचंच. युनानच्या एका गुहेतल्या वटवाघळांत त्या विषाणूच्या जनुकांचे सगळे तुकडे मिळाले तोपर्यंत २०१७ उजाडलं होतं. म्हणजे पंधराएक वर्षं गेली! आणि आपण २०२० च्या एप्रिलमध्येच व्हॉट्सॲपवर निकाल लावून मोकळे.

खवले मांजराचंही तेच. २०२० च्या सुरुवातीला ते बदनाम झालं, कारण चीनमध्ये तस्करीत पकडलेल्या खवले मांजरांत मिळालेल्या एका विषाणूचा माणसाच्या पेशीला चिकटणारा भाग कोरोनाशी फारच जुळत होता. पण अख्खा विषाणू बघितला तर साधारण ९० टक्केच, वटवाघळांतल्यापेक्षा लांबचा. आपल्या कोकणात हे जनावर आहे आणि चोरटी शिकारही होते, वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणात असूनसुद्धा. ताई इथे जरा तापलीच. म्हणाली जंगलात बिळात झोपलेलं खवले मांजर कुणाला काही करत नाही, पोत्यात कोंडून दहा जातींच्या जनावरांबरोबर नेलं की मग भानगड. वुहानच्या बाजाराबद्दलही तिचा मुद्दा तोच होता. तिथल्या ज्या भागात जिवंत जंगली जनावरं विकायचे तिथल्या नमुन्यांत रकून डॉग नावाच्या प्राण्याचं जनुकीय द्रव्य आणि कोरोनाचा विषाणू दोन्ही शेजारी शेजारी मिळाले. पण लागण झालेलं जनावर प्रत्यक्ष कुणाच्या हाती लागलं नाही, बाजार तर आधीच रिकामा केलेला.

आमच्या ग्रुपमध्ये पुण्याचे एक काका होते, त्यांनी लगेच "मग लॅबचं काय?" टाकलं. मला वाटलं आता वाद. तिने शांतपणे सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या गटाने २०२५ मध्ये म्हटलंय, हातातल्या पुराव्याचं वजन प्राण्यांकडे झुकतं, पण चीनने मागितलेली माहिती दिली नाही म्हणून कुठलीच शक्यता पूर्ण बाद करता येत नाही. काकांचं समाधान झालं नाही, पण मला हे फार आवडलं, जेवढं माहिती तेवढंच सांगते, फेकत नाही.

आणि घाबरवायचं तिथे घाबरवतेही. म्हणजे वडावरच्या या मोठ्या वटवाघळांबाबत काळजी करायचीच तर निपाह या जीवघेण्या विषाणूची करा म्हणाली. १९९८-९९ ला मलेशियात फळबागांना लागून डुकरांचे गोठे होते, वटवाघळांची उष्टी फळं खाली पडायची, डुकरं खायची, तिथून माणसांत, शंभरावर माणसं गेली. केरळात २०१८ ला कोझिकोडकडे १७ जण गेले ते निपाहनेच. आपल्या महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांतही पुण्याच्या एनआयव्हीला (विषाणूंवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था) निपाहच्या अँटीबॉडी, म्हणजे लागण होऊन गेल्याच्या खुणा मिळाल्या होत्या. बांगलादेशात खजुराचा कच्चा रस पिऊन होतो, मडक्यावर रात्री वटवाघळं येतात म्हणून. हे ऐकून आमच्या ह्यांनी सकाळच्या ताज्या माडीचा बेत गुपचूप रद्द केला 😄 (ताई म्हणाली इथे असं काही झालेलं नाही, पण मडकं झाकलेलं असेल तर बरं.) म्हणून या घरात कुरतडलेला आंबा, जांभूळ कुणी खात नाही, सरळ खड्ड्यात, आणि पडलेलं वटवाघूळ मुलांनी हाताने उचलायचं नाही हा नियम दारावरच लिहिलाय. झाड तोडायला सांगणाऱ्यांनी तो वाचलाच नसणार.

खरं तर या जिल्ह्यात प्राण्यांकडून आलेला जो आजार लोकांनी भोगलाय तो माकडताप. १९५७ ला शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडलेला, २०१६ मध्ये दोडामार्गात आला, मग बांद्याकडे. पसरवते गोचीड, माकडं तर स्वतःच मरतात. काजूच्या हंगामातच जोर असतो, म्हणजे बागेत राबणाऱ्यांनाच धोका. यावर तिने थोडंच सांगितलं, मला अजून ऐकायचं होतं, त्याऐवजी घुबडाची वाट बघत वीस मिनिटं डास खाल्ले. घुबड आलं नाही.

अजून एक तक्रार, वॉकमध्ये बोलणं बरंच आहे, सहा वर्षांखालची पोरं कंटाळतात. एखादा चित्रांचा तक्ता ठेवला तर बरं होईल.

फुल पँट आणि मोजे घालून जा, ओडोमॉस घ्या. फोनला रेंज फक्त अंगणात येते, त्यामुळे थोडी कॅश ठेवा. बुकिंग फोनवरच, मे महिन्यातलं आधी करा, आणि वडाच्या बाजूची खोली मागून घ्या, संध्याकाळी व्हरांड्यातून सगळं दिसतं. मात्र पहाटे परत येताना कलकलाट करतात, झोप सावध असेल तर समोरची घ्या.