स्ट्रॉबेरी सोडा : उन्हाळा ते दिवाळी, वापरानंतरचा अनुभव

गेल्या मार्चमध्ये साताऱ्यातल्या दुकानांत एका स्थानिक कंपनीचा स्ट्रॉबेरीच्या चवीचा सोडा मिळू लागला आणि दिवाळी येईपर्यंत तो दिसेनासाही झाला. या काळात आमच्या घरी तो नेहमी येत असे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही.

वेळ मात्र कंपनीने नेमकी साधली होती. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीचा हंगाम मार्च-एप्रिलमध्ये आटोपत येतो, म्हणजे ऊन तापू लागते त्याच सुमारास खरे फळ बाजारातून निघून जात असते. २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या या फळाचे जिल्ह्याला कौतुक आहेच, त्यामुळे लेबलावरचे लालभडक चित्र पाहून राजवाडा आणि पोवई नाक्याच्या परिसरात बाटल्या हातोहात खपल्या. त्याच लेबलाच्या मागे बारीक अक्षरांत ‘यात फळ नाही’ असेही छापलेले होते. ते फारसे कोणी वाचले असेल असे वाटत नाही.

चवीबद्दल बोलायचे तर पहिला घोट खरोखरच उत्तम. गार बाटलीचे झाकण फिरवताच येणारा वास मोहात पाडतो. पण ताज्या स्ट्रॉबेरीचा गंध शेकडो बाष्पशील संयुगांच्या मेळातून तयार होतो आणि स्वस्त इसेन्सची भिस्त मोजक्याच एस्टरांवर, म्हणजे फळासारखा वास देणाऱ्या रसायनांवर, असते. त्यामुळे तीन-चार घोटांनंतर फळाचा भास ओसरून बर्फाच्या गोळ्यावरचे लाल सरबत तेवढे जिभेवर राहते. पेय कोमट होऊ लागले की गोडी आणखी अंगावर येते, आणि साखरेच्या जोडीला घातलेल्या सुक्रालोज या कृत्रिम गोडव्याची चव घशाशी रेंगाळते. आमच्या फ्रीजच्या दारात अर्ध्या बाटल्या साचू लागल्या त्या यामुळेच.

माझ्या मते खरी अडचण निराळी होती : हा सोडा कशाबरोबरच जात नाही. मिसळ, वडापाव किंवा रविवारचे मटण यांच्याबरोबर जिरा सोडा किंवा लिंबू सोडा आपसूक मागवला जातो. स्ट्रॉबेरीला तशी जागाच मिळाली नाही. आमच्या किराणा दुकानदारांनी हे जुलैतच सांगितले होते, “पहिली बाटली सगळेच नेतात हो, दुसरीला कोणी परत येत नाही.”

मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेले नाही. २००३ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या वेळी आपल्याकडे आलेली निळी पेप्सी किंवा २००४ मधला व्हॅनिला कोक आठवून पाहावा. दोन्ही गाजले आणि दोन्ही टिकले नाहीत.

पावसाळ्यात ‘एकावर एक मोफत’ सुरू झाले. त्या स्कीममधल्या लहान बाटल्यांत गॅस जवळजवळ उरलाच नव्हता. झाकण उघडताना आवाजही होत नसे. प्लॅस्टिकमधून वायू हळूहळू निसटतच असतो, आणि लहान बाटलीत पेयाच्या मानाने पृष्ठभाग जास्त असल्यामुळे ती लवकर बसते. तारीख उलटण्याच्या बेतात असलेला हा माल कंपनीने परत न्यायला हवा होता, ग्राहकाच्या गळ्यात मारायला नको होता.

शिल्लक बाटल्या अजूनही एखाद्या टपरीवर दिसतात. घ्यायचीच झाली तर मोठी बाटली घ्यावी, तारीख पाहावी आणि ती संपवायला घरात चार-पाच मुले असावीत.