फाउंड्रीच्या वेब सर्व्हिसमध्ये जॅक्सनचं इंडेंट आउटपुट: काही महिन्यांच्या वापरानंतर

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीसाठी आम्ही स्प्रिंग बूटवर (जावाच्या वेब फ्रेमवर्कवर) एक सर्व्हिस चालवतो. प्रत्येक हीटचा (भट्टीतल्या एका वितळणीचा) स्पेक्ट्रो रिपोर्ट, म्हणजे कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, सल्फर, फॉस्फरसची टक्केवारी, तिथून जेसनमध्ये (माहिती साध्या मजकुरात लिहायच्या फॉरमॅटमध्ये) बाहेर पडतो; ते जेसन जॅक्सन ही जावाची लायब्ररी लिहिते. रोज तो गिऱ्हाइकाचं सॉफ्टवेअर वाचतं, पण कास्टिंग रिजेक्ट झालं की माणसं वाचायला बसतात. क्वालिटीचे साहेब फाइल सेव्ह करतात, नोटपॅडमध्ये उघडतात आणि तशीच व्हॉट्सअ‍ॅपवर पुढं पाठवतात. त्यामुळं जेसन ओळी तोडून, आत सरकवून लिहायची (इंडेंट आउटपुटची) गरज काय, तर "ब्राउझर नीट दाखवतोच की" हे उत्तर इथं चालत नाही.

ही सोय करणं अगदी सोपं आहे. अ‍ॅप्लिकेशन डॉट प्रॉपर्टीजमध्ये स्प्रिंग, जॅक्सन, सिरियलायझेशन या साखळीखाली इंडेंट आउटपुट ट्रू केलं की झालं. स्प्रिंग नसेल तर ऑब्जेक्टमॅपरवर (जॅक्सनच्या जेसन लिहिणाऱ्या क्लासवर) तेच फीचर एनेबल करायचं.

पण नुसत्या इंडेंटनं रिपोर्ट वाचनीय होत नाही, हे मला ठामपणे सांगायचंय. आम्हाला खरा फायदा झाला तो आकड्यांच्या बाबतीत. कार्बन डबलमध्ये (जावाच्या साध्या दशांश प्रकारात) ठेवला की ३.४० चं ३.४ होतं, आणि टेस्ट सर्टिफिकेटवर ३.४० बघणारा माणूस लगेच विचारतो, "अहो, हा वेगळा रिपोर्ट आहे काय?" बिगडेसिमलमध्ये (दशांशस्थळं जपणाऱ्या प्रकारात) ठेवल्यावर शून्य जागेवर राहतं. दुसरी गोष्ट क्रमाची. जेसनप्रॉपर्टीऑर्डर लावून मूलद्रव्यं सर्टिफिकेटच्याच क्रमानं आणली, तेव्हा दोन कागद शेजारी ठेवून ओळीनं बोट फिरवता यायला लागलं. नल (रिकामी) व्हॅल्यू काढून टाकायचा मोह मी टाळला. सल्फरपुढं नल दिसला की तपासणी झालेली नाही हे कळतं. ओळच गायब असेल तर कुणाच्या ध्यानातही येत नाही.

तारखांचं स्प्रिंग बूटमध्ये आधीच बरं असतं. साध्या जॅक्सन २ मध्ये मात्र जावाटाइम मॉड्यूल जोडूनही लोकलडेट वर्ष, महिना, दिवस अशा आकड्यांच्या अ‍ॅरेत येते. राइट डेट्स अ‍ॅज टाइमस्टॅम्प्स बंद करा.

आता अ‍ॅरे. जॅक्सन २ चा डिफॉल्ट प्रिटीप्रिंटर (ओळी मांडणारा भाग) ऑब्जेक्टची फील्ड्स नव्या ओळीवर घेतो, पण अ‍ॅरेतले आकडे एकाच ओळीत ठेवतो. तीन-चार रीडिंग असतील तर ते उलट चांगलंच दिसतं. लांबलचक यादीसाठी इंडेंट अ‍ॅरेज विथ वापरून तिथंही नवी ओळ देता येते.

ओळीच्या शेवटाकडं मात्र नीट लक्ष द्या. हा प्रिंटर ओळ तोडताना त्या मशीनच्या सिस्टिमचं चिन्ह वापरतो. ऑफिसात विंडोज, सर्व्हरवर लिनक्स. मजकूर तोच, पण टेस्टमध्ये नमुन्याची फाइल आणि आउटपुट जुळत नाही, आणि डोळ्यांना तर फरक काहीच दिसत नाही. डिफॉल्टइंडेंटर स्वतः बनवून त्याला दोन स्पेस आणि साधी न्यूलाइन दिली की सगळीकडं एकसारखं येतं.

साइज वाढते, हा नेहमीचा आक्षेप. वाढते खरी, पण एकसारख्या स्पेस जीझिपमध्ये फार चांगल्या दाबल्या जातात. स्प्रिंग बूटमध्ये कॉम्प्रेशन मुळात बंद असतं, ते चालू करा. २ केबीच्या खालचे रिस्पॉन्स डिफॉल्टनं तसेच जातात आणि तेवढ्यानं काही बिघडत नाही. आमच्यासारख्या छोट्या रिपोर्टसाठी मी इंडेंट कायम चालू ठेवीन. हजारो रेकॉर्डची एक्सपोर्ट असेल तर तिथं नको.

लॉगमध्येही नको. तिथं एक रेकॉर्ड एका ओळीत असला तरच हीट नंबरनं ग्रेप केल्यावर (ओळी शोधल्यावर) पूर्ण हाती लागतो. आम्ही ऑब्जेक्टमॅपरची कॉपी घेऊन तिच्यावर इंडेंट बंद केलंय आणि लॉग तिच्यातूनच लिहितो.