'विक्रीसाठी नाही' असा शिक्का असलेली एसी/डीसी: आठ महिन्यांनंतर

एसी/डीसी या रॉक बँडला हेवी मेटल म्हणायचं की नाही यावर आमच्या कट्ट्यावर कित्येकदा चहा गार झालाय. बँडवाले स्वतः म्हणतात, आम्ही नुसतं रॉक अँड रोल वाजवतो. ते काही का असेना, मेटल गोळा करणाऱ्यांना 'लाइव्ह फ्रॉम दि अटलांटिक स्टुडिओज' ही प्रोमो (प्रसिद्धीसाठी फुकट वाटलेली) एलपी हवी असते. मलाही हवी होती. कुरिअर आणि कस्टम धरून १७ हजारांना पडली. घरात मी आकडा जरा कमी सांगितला.

७ डिसेंबर १९७७ला बँड न्यूयॉर्कच्या अटलांटिक स्टुडिओत मोजक्या लोकांसमोर वाजला, तेही रेडिओसाठी. त्यातली आठ गाणी अटलांटिक कंपनीने १९७८मध्ये एलपीवर छापून रेडिओ स्टेशनांना वाटली. दुकानात ती आलीच नाही. मग १९९७मध्ये हाच कार्यक्रम 'बॉनफायर' या बॉक्स सेटमधली एक सीडी म्हणून अधिकृतपणे निघाला. म्हणजे नुसती गाणी ऐकायची असतील तर १७ हजार घालवायचं काहीच कारण नाही. माझ्याकडे तो सेट आधीपासून होता, म्हणून माझा मूर्खपणा जास्तच.

त्यात हिच्या नकला भरपूर. माझ्याकडे आलेली पहिली प्रत बनावटच होती. फोटोत ठीक दिसत होती. हातात घेतल्यावर जॅकेटवरची, म्हणजे बाहेरच्या पुठ्ठ्याच्या पाकिटावरची, अक्षरं धूसर, फोटोकॉपीची फोटोकॉपी काढल्यासारखी. लेबलवर एलएएएस ००१ हा क्रमांक बरोबर होता, पण क्रमांक छापायला काय लागतं? विक्रेत्याशी तीन आठवडे वाद घातल्यावर पैसे परत मिळाले. तेव्हापासून माझा एकच नियम: शेवटच्या गाण्यानंतरच्या कोऱ्या पट्टीत कोरलेल्या खुणांचा जवळून काढलेला फोटो मागायचा. कुणी टाळाटाळ केली की नाद सोडायचा.

दुसरी प्रत अस्सल निघाली, आणि तिथून मजा सुरू झाली. जॅकेटच्या मागे गाण्यांच्या यादीवर कुणीतरी निळ्या बॉलपेनने खुणा केल्यात. 'प्रॉब्लेम चाइल्ड'पुढे बरोबरची खूण, 'होल लॉटा रोझी'पुढे दोन. 'द जॅक'पुढे ठसठशीत फुली! ते गाणं गुप्तरोगावरचं आहे, तेव्हा कारण शोधायला लांब जायला नको. सुई टेकवल्यावर तर हसूच आलं. 'रोझी' सुरू झालं की पापड भाजल्यासारखी चरचर आणि 'द जॅक' मात्र नव्यासारखं स्वच्छ. जास्त वाजलं ते जास्त झिजलं; स्टेशनवर काय वाजलं आणि काय वाजलं नाही, त्याची नोंदवहीच. सीडीत हे कुठून मिळणार?

आवाजाबद्दल: खोली लहान, त्यामुळे टाळ्या शेजारच्या खुर्चीतून आल्यासारख्या. बँडमधल्या माल्कम यंगची गिटार सीडीपेक्षा मला जरा जाड वाटते, पण डोळे बांधून ऐकवलंत तर सांगता येईल याची खात्री नाही.

पावसाळ्यात मात्र घाम फुटला. ऑगस्टमध्ये जॅकेटच्या कडेला पांढरी बुरशी दिसली. जुना कागदी इनर (आतलं पाकीट) काढून वेगळा ठेवला, तबकडी नव्या प्लास्टिक इनरमध्ये घातली, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी हा खर्चही धरावा.

शिक्क्यातला 'ही कंपनीची मालमत्ता, विकू नये' हा मजकूर वाचून काहीजण बिचकतात. युनिव्हर्सल या रेकॉर्ड कंपनीने प्रोमो सीडी विकणाऱ्या एकावर अमेरिकेत खटला भरला होता. २०११मध्ये तिथल्या अपील कोर्टाने विकणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. न मागता पाठवलेली आणि परत न मागितलेली सीडी ज्याला पाठवली त्याची झाली, असा साधारण अर्थ. त्यामुळे शिक्क्याची भीती नको, भीती नकलेची.

गुंतवणूक म्हणून घेणार असाल तर नका घेऊ. जुना माल सारखा बाजारात येत असतो आणि खुणा केलेल्या प्रतीला कमीच भाव मिळतो. गेल्या महिन्यात डोंबिवलीच्या एका मित्राने माझी प्रत मागितली. पण जॅकेट स्वच्छ असतं तर २० हजार दिले असते, आता १२, म्हणाला. मी त्याला 'बॉनफायर' ऐकायला दिला.