लव्हेंडरच्या नावाने विकलेले रान

निवृत्तीनंतर शहर सोडून लहानशी शेती घ्यावी आणि तिथेच राहावे असा विचार करणाऱ्यांसमोर अलीकडे एक नवे आमिष ठेवले जाते, ते म्हणजे सुगंधी तेलासाठी लावतात त्या लव्हेंडरच्या झुडपांची आधीच लावून ठेवलेली शेती. मालकाला लक्ष देता आले नाही म्हणून रान माजले आहे, ते काढून घेतले की उत्पन्न सुरू होईल, असे सांगितले जाते. वाई तालुक्यात धोम धरणाच्या जलाशयाच्या वरच्या उतारावर अशीच एक एकर दहा गुंठे जमीन माझ्या पतींनी आणि मी २०२५च्या मार्च महिन्यात खरेदी केली. त्या व्यवहारात फसवणूक कशी केली गेली हे सविस्तर लिहीत आहे, कारण आम्ही किंमत कमी करून घेण्याचे कारण समजत होतो ते माजलेले रानच विक्रेत्याच्या सर्वात जास्त उपयोगाचे होते.

विक्रेत्याने सांगितलेल्या गोष्टीचा पहिला भाग खरा आहे आणि म्हणूनच ती पटते. जम्मू-काश्मीरच्या दोडा जिल्ह्यात भदरवाह परिसरातील शेतकरी जम्मूच्या सीएसआयआर (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद) प्रयोगशाळेच्या मदतीने आणि सुगंधी पिकांसाठीच्या ‘अरोमा मिशन’ या योजनेतून मिळालेल्या रोपांवर मका सोडून लव्हेंडरकडे वळले, आणि २०२४च्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीच्या संचलनात सीएसआयआरचा चित्ररथही याच विषयावर होता. विक्रेत्याच्या मोबाईलमध्ये त्या चित्ररथाची चित्रफीत होती आणि ती तो प्रत्येक ग्राहकाला दाखवीत असावा. भदरवाह सुमारे पाच हजार फूट उंचीवर आहे, तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो आणि पावसाळा आपल्यासारखा नसतो, हे मात्र त्याने सांगितले नाही. तेलासाठी लावतात त्या लव्हेंडरला निचऱ्याची, शक्यतो चुनखडीची जमीन, कोरडी हवा आणि खरी थंडी लागते. सह्याद्रीच्या पूर्व उतारावर चार महिने मुळे ओली राहिली की ती सडतात आणि झुडूप बसते.

आम्ही जमीन पाहायला गेलो तो जानेवारी महिना होता. कुसळी गवत छातीपर्यंत वाळून उभे होते, मध्ये घाणेरी आणि रानमोडी यांची दाटी होती आणि कडेने करवंदीच्या जाळ्या होत्या. या सगळ्यातून एकच पायवाट कापून काढलेली होती. ती एका विहिरीपाशी आणि तिच्या शेजारच्या सपाट पट्टीत जात होती, जिथे जांभळ्या तुऱ्यांच्या काही ओळी फुललेल्या होत्या. बाकीची शेती अशीच आत दडलेली आहे, असे सांगून विक्रेत्याने हात फिरवून ओढ्यापर्यंतचा सगळा उतार दाखवला. मोजणीचा विषय निघाला तेव्हा, एवढ्या रानात भूकरमापक (सरकारी मोजणीदार) शिरणार नाही, तुम्ही रान काढून घ्या, पावसाळ्यानंतर मी स्वतः उभा राहून मोजणी करून देतो, असे उत्तर मिळाले. हे उत्तर वरवर व्यवहारी आहे. रानात साखळी किंवा यंत्र चालवणे अवघड असते हे कोणीही मान्य करील, आणि नेमक्या त्याच गोष्टीवर त्याचा सगळा डाव उभा होता.

त्याच भेटीत तेल काढण्याचे प्रात्यक्षिक झाले. एका शेडमध्ये तांब्याचे मोठे भांडे, त्याला जोडलेली नळी आणि थंड पाण्याच्या पिंपातून जाणारी वेटोळी अशी मांडणी होती. एक गोणी फुले आत टाकली, खाली जाळ केला आणि तासाभराने काचेच्या भांड्यात पाण्यावर तरंगणारा पिवळसर तेलाचा थर दिसला. तो अर्ध्या लिटरच्या बाटलीत भरून आम्हाला भेट देण्यात आला. लव्हेंडरच्या ताज्या फुलांच्या तुऱ्यांतून साधारणपणे शंभर किलोमागे एक किलोच्या आसपास तेल मिळते. त्या गोणीत दहा किलोंपेक्षा जास्त माल नव्हता, म्हणजे शंभर मिलिलिटरच्या जवळपास तेल निघणे शक्य होते, आणि आमच्या हातात मात्र त्याच्या पाचपट तेल ठेवले गेले. ते काचेच्या भांड्यात आधीच ओतून ठेवलेले होते. शेडमधला अंधार आणि सगळीकडे भरलेला सुगंध यांमुळे ते कोणाच्या लक्षात येऊ नये, अशी ती रचना होती.

कागदपत्रांच्या बाबतीत विक्रेता अत्यंत चोख होता आणि हे विशेष लक्षात घ्यावे. माझ्या पतींच्या नावावर सांगली जिल्ह्यात वडिलोपार्जित जमीन असल्यामुळे शेतकरी असल्याच्या दाखल्याचा प्रश्न नव्हता. वकिलांनी तीस वर्षांचा शोध घेतला आणि मालकी निर्वेध असल्याचा अहवाल दिला. सातबाऱ्यावर बोजा नव्हता, कुळाची नोंद नव्हती आणि भोगवटादार वर्ग एकचा, म्हणजे विक्रीवर सरकारी निर्बंध नसलेला, होता. हा अहवाल आजही खरा आहे. परंतु शोध अहवाल कागदावरील गटाची मालकी सांगतो, त्या गटाची माती प्रत्यक्षात कोठून कोठपर्यंत आहे हे तो सांगत नाही. सातबाऱ्यातील सातची बाजू सगळे वाचतात, बाराच्या बाजूकडे कोणी फारसे पाहत नाही. त्या बाजूला पिकांची नोंद असते, आणि २०२१पासून ई-पीक पाहणी (पिकांची ऑनलाइन नोंद) सुरू झाल्यावर ती शेतकऱ्याने मोबाईलवर स्वतः करायची असते. आमच्या उताऱ्यावर सलग काही वर्षे ‘पड’ अशी नोंद होती. लव्हेंडर कुठेही नव्हते, एका हंगामापुरतेसुद्धा.

दुसरी क्लृप्ती खरेदीखतात होती. नोंदणी झालेल्या दस्तात केवळ जिरायत जमिनीचे वर्णन आणि तिची किंमत आहे. उभी झाडे, तेल काढण्याचे संयंत्र, ‘तांत्रिक मार्गदर्शन’ आणि नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरण्यासाठी लागणारी नवी रोपे यांचे पैसे वेगळ्या पावत्यांवर घेतले गेले, मुद्रांक शुल्क वाचेल हे कारण देऊन. तेल परत विकत घेण्याचा करार पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर, नोटरीसमोर, एका भलत्याच संस्थेच्या नावाने झाला. लिटरला दहा हजारांहून अधिक भाव देण्याचे आश्वासन त्यात ठळक अक्षरात होते, आणि तेल ‘संस्थेच्या मानकानुसार’ असल्यासच ते स्वीकारले जाईल ही अट बारीक अक्षरात होती. ते मानक करारात कोठेही जोडलेले नव्हते. परिणामी, ज्या लव्हेंडरसाठी आम्ही बाजारभावाच्या जवळजवळ दुप्पट रक्कम दिली, त्याचा नोंदणीकृत दस्तात एका शब्दानेही उल्लेख नाही.

एप्रिलमध्ये आम्ही तिथल्या पत्र्याच्या खोलीत राहायला गेलो. खोलीला एक खिडकी होती आणि पत्रा इतका तापे की दुपारी बाहेर आंब्याखाली बसावे लागे. गावातील चार मजूर सकाळी उन्हाच्या आधी येत आणि आम्ही त्यांच्याबरोबर रान काढत असू. घाणेरी नुसती कापून भागत नाही, मुळासकट उपटावी लागते, नाहीतर पहिल्या पावसात दुपटीने फुटते, हे त्यांनीच शिकवले. ते दिवस कष्टाचे असूनही आनंदाचे होते आणि याच दिवसांत एकेक गोष्ट उघडी पडत गेली.

प्रथम विहिरीजवळच्या जांभळ्या ओळी उघड झाल्या. तिथले तण काढताना एका मजुराच्या खुरप्याला काळे प्लॅस्टिक लागले. रोपे नर्सरीच्या पिशव्यांसह मातीत पुरलेली होती. त्यातील एक रोप आम्ही कृषी पदवीधर असलेल्या माझ्या भाच्याला दाखवले, तेव्हा ते लव्हेंडर नसून साल्व्हिया फॅरिनेशिया असल्याचे त्याने सांगितले. बागेच्या कडेला शोभेसाठी लावण्यात येणारे हे झाड आपल्याकडे हिवाळ्यात जांभळ्या तुऱ्यांनी भरते आणि लांबून, विशेषतः छायाचित्रात, हुबेहूब लव्हेंडर वाटते. पान चुरडून पाहिले तर फरक लगेच कळतो. लव्हेंडरचे पान अरुंद आणि राखाडी असते आणि हाताला बराच वेळ वास राहतो, साल्व्हियाचे पान रुंद व हिरवे असते आणि तसा वास येत नाही. भदरवाहमध्ये लव्हेंडरची तोडणी जून-जुलैमध्ये होते, तर आम्हाला भर जानेवारीत फुलोरा दाखवला गेला होता, ही विसंगतीही तेव्हाच ध्यानात आली.

उताराच्या मध्यभागी खऱ्या लव्हेंडरचे अवशेषही सापडले, म्हणजे लागवड कधीतरी झाली होती आणि पावसाने ती संपवली होती. वाळलेल्या काटक्यांचे ते खुंट पाहून विक्रेत्याने फोनवर सांगितले की जमिनीलगत छाटणी करा, पावसात फुटतील. लव्हेंडर जुन्या, पाने नसलेल्या लाकडावर सहसा फुटत नाही. म्हणूनच दरवर्षी हिरव्या भागात छाटणी करावी लागते, आणि वर्षानुवर्षे छाटणी न झालेले झुडूप पुन्हा वळणावर आणणे बहुधा शक्य नसते. इथे तर मुळेच कुजलेली होती, हाताने ओढताच खुंट वर येत. नांग्यांसाठी पैसे भरलेल्या रोपांपैकी जेमतेम पाव हिस्सा रोपे आली आणि ती दातेरी कडांच्या पानांची, शोभेच्या जातीची निघाली. तेलाच्या व्यापारात तिला किंमत नाही.

मे महिन्यात विहिरीवर मोटर सुरू केली त्या दिवशी शेजारच्या शेतातील एक वृद्ध गृहस्थ बांधावर येऊन उभे राहिले. “बाई, ही मोटर आमच्या हिरीत सोडलीया, ती कुणाला इचारून?” असा त्यांनी सरळ प्रश्न केला. मी त्यांना म्हटले, “आबा, ही विहीर आमच्या गटात आहे ना?” त्यावर ते हसले. विहीर, तिच्याशेजारची सपाट पट्टी आणि आमची खोली ज्या जागेवर उभी आहे तो तुकडा त्यांच्या भावकीचा होता. आधीच्या मालकाला त्यांनी दोन हंगामांपुरती जागा तोंडी वापरायला दिली होती. विक्रेत्याला विचारले असता भावकीतील किरकोळ कुरबुर आहे, मिटेल, असे तो म्हणत राहिला, आणि जूननंतर त्याने फोन घेणे बंद केले.

रान निघाले होते, तेव्हा आम्ही ऑनलाइन अर्ज करून मोजणीचे शुल्क भरले आणि दिवाळीनंतर भूमी अभिलेख कार्यालयाचे भूकरमापक आले. हद्दीवरची जाळी काढल्यावर हद्दीचे दोन जुने दगड सापडले. तेही पायवाटेपासून दूर, दाट करवंदीच्या आत होते. मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा, हातात आली तेव्हा आमचा गट विहिरीच्या खालच्या बाजूने सुरू होऊन ओढ्याच्या अलीकडेच संपत असल्याचे दिसले. क्षेत्र कागदाप्रमाणे पूर्ण भरले, परंतु ते सगळे चढाचे, मुरमाचे आणि बिनपाण्याचे होते. आम्हाला दाखवलेली जवळजवळ प्रत्येक चांगली जागा शेजाऱ्यांची होती. गटापर्यंत जाणारा रस्ताही नकाशावर नाही. जी वाट आम्ही वापरत होतो ती त्याच भावकीच्या शेतातून जाते.

भेट मिळालेल्या तेलाची आम्ही पुण्याच्या एका खासगी प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे तेलातील घटक वेगळे करून मोजण्याच्या पद्धतीने, चाचणी करून घेतली. खऱ्या लव्हेंडरच्या तेलात लिनालूल आणि लिनालिल अ‍ॅसिटेट हे मुख्य घटक असतात आणि कापूर अगदी अल्प असतो. आमच्या नमुन्यात कापराचे प्रमाण लव्हँडिन या संकराच्या स्वस्त तेलासारखे होते आणि त्यात डायइथाइल थॅलेट हे अत्तरे पातळ करण्यासाठी वापरले जाणारे द्रावकही मिसळलेले होते. हा अहवाल, ‘क’ प्रत आणि पावत्या आज आमच्या तक्रारीचा मुख्य आधार आहेत.

पोलीस ठाण्यात प्रथम ही दिवाणी बाब असल्याचे सांगण्यात आले, कारण खरेदीखत निर्दोष आहे. वकिलांनी दोन गोष्टी वेगळ्या मांडल्या. जी जागा आपली नाही ती आपली म्हणून दाखवणे आणि बनावट प्रात्यक्षिक करून पैसे घेणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येणारी फसवणूक आहे. मालमत्तेतील जो महत्त्वाचा दोष खरेदीदाराला साध्या काळजीने कळू शकत नाही आणि विक्रेत्याला ठाऊक आहे, तो उघड करणे विक्रेत्यावर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार बंधनकारक आहे. या मांडणीनंतर तक्रार नोंदवली गेली आणि दिवाणी दावाही दाखल झाला. रस्त्यासाठी तहसीलदारांकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली अर्ज केला आहे. शेजारच्या आबांनी तोपर्यंत वाट वापरू दिली आहे आणि खोलीच्या जागेचे भाडे ते घेत नाहीत. खालच्या मुरमाच्या तुकड्यात आम्ही गवती चहा लावला असून तो तग धरून आहे.

विक्रेत्याची जाहिरात दुसऱ्या नावाने अजून फिरत आहे. तीत आमच्याच विहिरीशेजारच्या पट्टीचे छायाचित्र आहे आणि जागा आता भोर तालुक्यात असल्याचे लिहिले आहे. अशा ठिकाणी कोणी प्रात्यक्षिक पाहायला बोलावले तर फुले भांड्यात टाकण्यापूर्वी त्यांचे वजन करून घ्यावे, तेल जमा होणारे काचेचे भांडे जाळ लावण्याआधी स्वतःच्या हाताने उपडे करून पाहावे आणि विसार देण्यापूर्वी स्वतःच्या खर्चाने हद्दीवरील रान काढून मोजणी मागावी. विक्रेत्याने पावसाळ्यानंतरचा वायदा केला तर व्यवहारही पावसाळ्यानंतरच ठेवावा.