मोडेम रिसेट झाला आणि ०/३५ कळलं : नव्या पेठेतलं दुरुस्तीचं दुकान

अशोक चौकात आमचं टॉवेल-चादरीचं होलसेल दुकान आहे. फोनची लाइन अजून तांब्याची, मोडेमही जुनाट. गेल्या आठवड्यात पोरानं मोडेमच्या मागच्या भोकात टाचणी खुपसली आणि सगळी सेटिंग पुसली गेली. डीएसएलचा, म्हणजे फोनलाइन जोडल्याचा दिवा हिरवागार, इंटरनेटचा काही लागेना. पासवर्ड चार वेळा टाकून झाला. शेवटी मोडेम पिशवीत घालून नव्या पेठेत गेलो.

जिना अरुंद, स्कूटर लावायला जागा नाही, बिल म्हणजे कागदाच्या चिटोऱ्यावर लिहिलेला आकडा. तक्रारी एवढ्याच.

मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी मोडेम लॅपटॉपला जोडला, सेटिंगचं पान उघडलं आणि बोट ठेवलं : व्हीपीआय ८, व्हीसीआय ३५. पहिला वाटेचा आकडा, दुसरा त्या वाटेवरच्या जोडणीचा; जोडीनं लिहायचं तर ८/३५. "हे कारखान्यातून आलेले आकडे. तुमच्या लाइनीला ०/३५ लागतंय की." आठाचं शून्य केलं, सेव्ह केलं, दीडशे रुपये घेतले.

मी विचारलं, "अण्णा, शेजारच्या स्टेशनरीवाल्याकडंपण ०/३५च आहे. मग त्याचं माझ्याकडं नाही का येणार?"

"गाठोडी बाहेरगावी पाठवताना खूण कोण टाकतं?" त्यांनी उलट विचारलं. आता हे आमच्या रोजच्या धंद्यातलं. इथल्या गोदामात ३५ लिहिलेलं गाठोडं पुढच्या गोदामात गेलं की तिथला हमाल जुना आकडा खोडून आपला टाकतो. आमच्या ३५ला तिथं कोण विचारतो?

हेही तसंच. डेटाचे ५३ बाइटचे तुकडे होतात, त्यांना सेल म्हणतात. ४८ बाइट माल, ५ बाइट डोकं. एवढ्याशा डोक्यात पूर्ण पत्ता कुठला बसायला! म्हणून नुसता आकडा : ग्राहकाच्या बाजूला व्हीपीआयला ८ बिट, व्हीसीआयला १६. एक्स्चेंजमधला स्विच आकडा बघतो आणि सेल कुठल्या पोर्टातून आला तेही बघतो. तक्त्यात ती ओळ सापडली की नवा आकडा घालून पुढच्या पोर्टातून सोडतो. माझी तार एका पोर्टात, स्टेशनरीवाल्याची दुसऱ्या. दोघांचा ३५ तिथंच संपतो, पुढं दोघांना वेगवेगळे आकडे. माझ्या पोर्टासमोर ८/३५ची ओळच नव्हती, म्हणून आमचे सेल सरळ कचऱ्यात जात होते.

काही मोठे स्विच तर नुसता व्हीपीआय बदलतात, व्हीसीआयला हात लावत नाहीत. गाठोडी न सोडता अख्खा ट्रकच पुढं हाकावा तसं. आणि एकदोन सोडून थेट पस्तीस का, तर ३१ पर्यंतचे आकडे नेटवर्कच्या स्वतःच्या कामाला राखून ठेवलेत. इंग्लंडात ०/३८ चालायचं म्हणे. तिकडून आणलेला एक मोडेम अण्णांकडं अजून पडून आहे.

या सगळ्याला एटीएम म्हणतात हे ऐकून बायको म्हणाली, "मग पैसे कुठून येतात?"

दुकानात येऊन तार लावली, मिनिटभरात दिवा लागला. अण्णांनी मोडेमच्या पोटावर मार्करनं ठळक ०/३५ लिहून दिलंय. भोकावर पोरानं स्वतःच चिकटपट्टी लावलीय.